एमओयूची फाईल जाड, काम कुठाय?

मा. संपादक,

आमच्या कॉलेजात सध्या नॅकची (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या तपासणीची) धावपळ चालूये आणि रोज एकच प्रश्न, तुमच्या डिपार्टमेंटचे इंडस्ट्रीबरोबर एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, किती? कॉम्प्युटरवाल्यांची फाईल सगळ्यात जाड. उघडून बघितली तर प्रत्येक एमओयूमागे एक गेस्ट लेक्चर, शाल-श्रीफळ आणि बॅनरसमोरचा फोटो. आणि आमच्या केमिकलकडे एमआयडीसीतला एक कारखानदार दर दोन-तीन महिन्यांनी सांडपाण्याचा कॅन घेऊन येतो, सीओडी (पाण्यातल्या घाणीचं एक माप) उतरत नाही म्हणून, मग पोरं बीकर मांडून तुरटीचा डोस बदलत बसतात, एकदा खरंच उतरला पण! पण कागद नाही, सही नाही, म्हणजे मोजायला शून्य.

अहो, प्रत्येक शाखेचं इंडस्ट्रीशी जमतं ते वेगवेगळ्या तऱ्हेनं. केमिकलमध्ये बीकरमधलं काम कारखान्यातल्या रिअ‍ॅक्टरपर्यंत न्यायला सरांचा सल्ला लागतोच. माटुंग्याचं केमिकल टेक्नॉलॉजी शिकवणारं यूडीसीटी, म्हणजे आताचं आयसीटी, १९३३ साली सुरू झालं ते याच जोरावर मोठं झालं, प्रा. एम. एम. शर्मा शिकवता शिकवता कंपन्यांना सल्ला द्यायचे, तिथंच शिकलेल्या घरडा केमिकल्सच्या केकी घरडासाहेबांनी तर स्वतःचे कारखाने काढले. औषधांत, बायोटेकमध्ये मात्र नुसत्या सल्ल्यावर भागत नाही, पेटंट, ट्रायल, परवानग्या, वर्षानुवर्षं चालतं आणि पैसा पाण्यासारखा जातो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची कॅन्सरवरची कार-टी थेरपी बघा, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, पण तिथवर न्यायला आयआयटीतूनच इम्युनोअ‍ॅक्ट नावाची कंपनी निघावी लागली. आणि कोविशिल्ड? लस ऑक्सफर्डची, मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेका ही औषध कंपनी, बनली आपल्या पुण्यात.

सॉफ्टवेअरमध्ये डेटा, सर्व्हर सगळं कंपनीकडेच, त्यांना आमच्याकडून हवी असतात ती फक्त पोरं. गूगलच्या सर्चचं पेटंट स्टॅनफर्डचं होतं आणि त्या बदल्यात मिळालेले शेअर विकून स्टॅनफर्डनं ३३ कोटी डॉलरच्या वर कमावले हे खरंय, पण असं कितीदा होतं?

मग सगळ्यांना एकच फूटपट्टी कशाला? केमिकलला विचारा किती कारखान्यांच्या अडचणी सोडवल्या, बायोटेकला विचारा पेटंटचं पुढं काय झालं, आणि कॉम्प्युटरला विचारा की कंपनीचा एखादा इंजिनिअर सेमिस्टरभर आठवड्यातून एकदा तरी पोरांच्या प्रोजेक्टवर बसला का. बॅनरचे फोटो नका मागू, ते आमच्याकडे ढीगभर आहेत.

– एक प्राध्यापक, सोलापूर