पावसाळ्याआधी धारण तलावांसाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

वाशीच्या मिनी सीशोरला किंवा नेरूळच्या ज्वेलला आपण सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारतो. तिथलं पाणी शोभेचं नाही. ते धारण तलाव आहेत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना 1970 ची. खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून हे शहर वसलं आणि आजही त्याचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणून हे तलाव राखले गेले. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्या दाबानेच तोंडावरच्या झडपा मिटतात, शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं, आणि ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत निघून जातं.

पण झडपेत एखादा नारळ किंवा दुधाच्या पिशव्यांचा गुंता अडकला, की ती पुरती मिटत नाही. मग मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरची भरती एकाच वेळी गाठ पडली तर खाडीचं पाणी उलटं आत येतं. ते पहिल्यांदा शिरतं तळमजल्याच्या घरांत.

तलावातला गाळ उपसणं आपल्या हातात नाही. आत खारफुटी वाढली आहे आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती तोडता येत नाही. ती जपलीच पाहिजे, असं आम्हालाही वाटतं. पण नाल्यांतून येणारा कचरा तलावापर्यंत पोचू न देणं, एवढं आपल्याला नक्की जमेल.

पावसाळी गटारांच्या जाळ्यांवर साचलेला कचरा वरच्यावर उचलायचा आहे. कुणालाही गटारात किंवा तलावात उतरू देणार नाही. ते काम महापालिकेने यंत्रानेच करायचं, आणि झालं नाही तर आम्ही फोटोसह तक्रार करू. रोख देणगी घेत नाही. जाड रबरी हातमोजे, गमबूट, लांब दांड्याचे पंजे, रिकाम्या गोण्या द्या. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेलं कुणी तुमच्या इमारतीत असेल तर त्यांना आवर्जून घेऊन या. भरतीच्या वेळी झडपांची नोंद कशी ठेवायची, हे शिकवणारं माणूस आमच्याकडे नाही.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना वेगळी विनंती. मे महिन्यात घराघरांत दुरुस्तीची कामं निघतात आणि फुटक्या लाद्या रात्रीत नाल्याकाठी जाऊन पडतात. डेब्रिज कुठे टाकणार, हे कंत्राटदाराकडून लिहून घेतल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका.

दर रविवारी सकाळी सात वाजता मिनी सीशोरच्या प्रवेशद्वाराशी भेटू. सामानही तिथेच आणून द्यावं.

आपले,
वाशीतील रहिवासी