ऑल्चिन निवृत्त, भांडण चालू

४ फेब्रुवारी २००७

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही, त्याबद्दल शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, एक दाढ काढली.

जिम ऑल्चिन गेला, मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोजचं काम बघणारा मोठा अधिकारी. कंपनीतून रे, हबकू नकोस! ३० जानेवारीला त्यांची नवी विंडोज, व्हिस्टा, दुकानांत आली आणि १९९० पासून तिथं असलेला गडी निवृत्त झाला. तुझ्याशिवाय हे सांगायचं कुणाला? आपलं जुनं भांडण आहेच: तू म्हणतोस मायक्रोसॉफ्टनं दादागिरीनं सगळ्यांना कुलूप लावून ठेवलं, मी म्हणतो गोष्ट एवढी सरळ नाही.

तुझ्या हाती आयतं कोलीत आहे, माहीत आहे. मायक्रोसॉफ्टवरच्या अमेरिकेतल्या आयोवाच्या खटल्यात त्याची २००४ ची ईमेल बाहेर आली: मायक्रोसॉफ्टमध्ये नसतो तर मॅक (ॲपलचा संगणक) घेतला असता. पण त्याच वर्षी लाँगहॉर्नचा (व्हिस्टाचं तेव्हाचं नाव) गुंता टाकून विंडोज सर्व्हर २००३ च्या कोडवर नव्यानं मांडामांड झाली, विनएफएस या फायली साठवायच्या नव्या पद्धतीवर पाणी सोडलं, हेही त्याच्याच कारकिर्दीत. तू हे नेहमी गाळतोस.

दादागिरी होतीच, ते मी कधी नाकारलं? पण अमेरिकी सरकारच्या मक्तेदारीच्या खटल्यात न्यायमूर्ती जॅक्सननी १९९९ मध्ये इंटेल धर्तीच्या पीसींच्या बाजारात विंडोजचा किमान ९५ टक्के हिस्सा दाखवला, तेव्हा कारणही सांगितलं होतं: गिऱ्हाईक जास्त तिथं प्रोग्रॅम जास्त, आणि प्रोग्रॅम तिथंच गिऱ्हाईक. कंपनीचे दोन तुकडे करून हे चक्र थांबलं असतं? जॅक्सननी दिलेला तुकड्यांचा हुकूम २००१ मध्ये वरच्या कोर्टानं फिरवलाच. तुझंच बघ ना. विंडोजऐवजी वापरता येणारं लिनक्स फुकट, पण तू छापलेल्या दहा वर्षांच्या लग्नपत्रिका जुन्या फॉन्टांत, रोमन अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेल्या फॉन्टांत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या आजच्या समान पद्धतीत, उघडल्या की नुसता कचरा. कुलूप रेडमंडला, मायक्रोसॉफ्टच्या मुख्य कचेरीत, नाही, तुझ्या कपाटातल्या सीड्यांत आहे.

आणि व्हिस्टा घ्यायचा मोह आवर! तुझ्या मशीनमधल्या इंटेलच्या ९१५ चिपसेटला व्हिस्टाचा नवा ग्राफिक्स ड्रायव्हर नाही, म्हणजे व्हिस्टाच्या काचेसारख्या पारदर्शक खिडक्या विसर. ५१२ एमबी रॅमवर रडत चालेल. धड चालायला १ जीबी रॅम आणि १५ जीबी मोकळी जागा हवी. आधी डोंगल (सॉफ्टवेअर चालू राहायला लावायचं यंत्र) आणि प्रिंटरचे ड्रायव्हर विचार, नाहीतर ऐन लग्नसराईत मशीन गप्प. तुझ्या जुन्या विंडोज एक्सपीवरच राहा, मराठीसाठी फक्त एवढं कर. कंट्रोल पॅनेल, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, लँग्वेजेस. तिथं कॉम्प्लेक्स स्क्रिप्टवर खूण कर, सीडी घाल, रीस्टार्ट. ती खूण नसते म्हणून तुझी पहिली वेलांटी अक्षराच्या मागं पडते आणि जोडाक्षरं फुटतात. व्हिस्टात हे आधीच चालू असतं, एवढं श्रेय दे बाबा.

वहिनींना नमस्कार. चिमीची दहावी ना यंदा? तिला छळू नकोस. पैजेचे पन्नास रुपये अजून तुझ्याकडं आहेत.

तुझा,
नाना