चि. श्यामलास

श्यामला,

अनेक आशीर्वाद. पैठणी विणायला शिकायला तू येवल्याला पोचल्याचा मेसेज आईने वाचून दाखवला. मला वेगळा आला नाही, आणि का नाही ते मला कळतं. "इंजिनियर केली ती खड्ड्यात बसायला का?" हे मी स्टँडवर चार लोकांत बोलायला नको होतं. घरी येईपर्यंत आई माझ्याशी बोलली नाही. डोळ्यांबद्दल या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही, असं तिला कबूल केलंय.

जायच्या आधी तू आपल्या विणकरांच्या सोसायटीचा इतिहास लिहून मागितला होतास. दप्तर कुणाकडे गेलं कुणास ठाऊक. तात सांगायचे आणि मी अर्धवट ऐकायचो, त्यातलं उरलेलं लिहितो.

आपल्या भवानी पेठेतल्या गल्लीत तेव्हा सकाळी घड्याळ लागायचं नाही. मागावर आडवं सूत नेणारा पहिला धोटा वाजला की अव्वा चूल पेटवायची. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि मधल्या खोलीत खड्डामाग. तात खड्ड्यात पाय सोडून बसायचे, अव्वा कांड्या भरायची. पण सूत सावकाराचं, लुगडंही त्याच्याकडेच जायचं, हातात पडायची ती मजुरी, तीही उचल कापून. १९०४चा सहकारी कायदा पतपेढ्यांपुरता होता. १९१२च्या कायद्याने विणकरांनाही सोसायटी काढता आली. आपली त्यानंतर पुष्कळ वर्षांनी निघाली. सूत एकत्र घ्यायचं, सभासदांना वाटायचं, लुगडी जमा करून विकायची, एवढंच तिचं काम. पण तात तिथे पहिल्यांदा सही करायला शिकले. लढाईच्या काळात, १९४३ला सुतावर कंट्रोल आला. माग रिकामा आणि माणसं रांगेत! तेव्हा सोसायटीच्या वाट्याला आलेल्या सुतावर गल्ली जगली, असं तात म्हणायचे. पुढे १९५३ला सरकारने गिरणीच्या कापडावर वारामागे तीन पै कर बसवला, हातमाग आणि खादीसाठी. ते तीन पै तात इतक्या वेळा सांगायचे की मला ते घरातल्याच कुणाचं तरी नाव वाटायचं.

मला स्वतःला आठवतं ते १२ जुलै १९६१नंतरचं. पानशेत फुटलं तेव्हा मी चार वर्षांचा. आपल्या गल्लीत पाणी आलं नाही, पण सोसायटीचं रंगवायला दिलेलं सूत नारायण पेठेत रंगाऱ्याच्या वाड्यात होतं. पाणी ओसरल्यावर तात मला खांद्यावर घेऊन गेले होते. लाल, हिरव्या, जांभळ्या लडी, सगळ्यांचा मिळून चिखलाचा एकच रंग झालेला. माणसं त्या पिळत होती, कुणी बोलत नव्हतं. त्यातलं जे सूत वाचलं ते तातांनी परत विणलं. त्याचं लुगडं अव्वाकडे होतं, विटक्या काठाचं. दिवाळीला तेच नेसायची.

सोसायटी यंत्रमागाने मारली असं सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण आमच्या घरात ती पाचवारीने मारली. बायका नऊवारी सोडून पाचवारीवर आल्या, त्यातही नायलॉनच्या. एका पाडव्याला अव्वा स्वतःच नायलॉनची पाचवारी नेसून बाहेर आली. विणकराची बायको! तात चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "धुवायला सोपी असेल." १९८५ला हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदा झाला, तोवर आमच्याकडे राखायला माग उरला नव्हता.

तू आठवीत सार्वजनिक काकांवर, म्हणजे गणेश वासुदेव जोशींवर, निबंध लिहिला होतास. १८७२ला स्वदेशीची शपथ, स्वतः कातलेलं सूत, १८७७ला दिल्ली दरबारात खादी घालून गेले. बक्षीसही मिळालं. वाचून दाखवलास तेव्हा मला विचारायचं होतं, काकांचं सूत विणलं कुणी? विचारलं नाही. आज तूच विणायला गेलीस.

मी कारखान्यात लेथवर गेलो तेव्हा तात काही म्हणाले नाहीत. मीही मागे वळून पाहिलं नाही. तातांना तेव्हा सूत दिसत नव्हतं, बोटांनी चाचपून तुटलेला धागा जोडायचे. बघ, आलोच त्यावर. मोतीबिंदू होता, वेळेवर दाखवला नाही, मागाचा दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मला ते पटलेलं नाही. चाळीस वर्षं एका बल्बखाली बारीक सूत बघणारा माणूस मी पाहिलाय, डॉक्टरांनी नाही. तुझा नंबर आधीच पावणेतीन आहे. पैठणीत एकेका मोराला किती वेगवेगळे धागे हाताने फिरवावे लागतात हे तूच सांगत होतीस. दर तासाने उठून लांब बघत जा. खिडकीजवळचा माग माग. संध्याकाळी काम नको. गुरूजी रागावले तर रागावू देत.

माफ कर. कबूल केलं होतं आणि मोडलं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. फरशी घालताना मधल्या खोलीतला खड्डा मी स्वतः भरला, विटांचे तुकडे आणि राडारोडा टाकून. तात बाहेर ओट्यावर बसले होते. पुढे कितीतरी दिवस त्या खोलीत जाताना ते तिथे पाऊल जपून टाकायचे. खड्डा नव्हता, तरी. तुझं अभ्यासाचं टेबल बरोबर त्याच्यावर होतं. बारावी, इंजिनियरिंग, सगळं तिथेच झालं. स्टँडवर मी जे बोललो ते बहुतेक त्यातूनच आलं. मला वाटलं होतं, भरला.

तिथे खड्डामाग आहे की उभ्या चौकटीचा, ते कळव. खड्डा असेल तर पावसाळ्यात पायात लोकरीचे मोजे घाल, ओल गुडघ्यात जाते. आई चकलीच्या डब्यासोबत तातांचा धोटा पाठवते आहे. शिसवी आहे, एका टोकाचं लोखंड निघालंय. तो वापरायचा नाही, पैठणीच्या कामाचा नाही, जवळ असू दे. मी त्याला तेल लावलंय, थोडं जास्तच झालं, म्हणून डब्यापासून वेगळा गुंडाळला.

पहिला पदर झाला की फोटो पाठव, मला वेगळा. उलट्या बाजूचा. तात कुणाचंही लुगडं आधी उलटं करून बघायचे, आणि पैठणी दोन्हीकडून सारखी दिसते असं तू म्हणालीस, तर बघू दे.

फोटो दिवसा काढ, म्हणजे उजेडात कुठे बसतेस तेही दिसेल.

तुझे,
नाना