वन्समोर

सांगली, रविवार

चि. माऊस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाला दहा दिवस न्यूयॉर्कला जायचंय आणि संध्याकाळी एकटीने काय करायचं ते सुचत नाही. मी नुसतं "बघू" म्हटलं आणि फोन आईकडे दिला. सुचलं होतं लगेच, पण ते सांगण्याआधी एक कबुली द्यायला हवी होती, आणि आई शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत असताना ती देता येईना. तिला अर्धं माहीत आहे. उरलेलं तिलाही या पत्रातूनच कळेल, कारण पाकिटावर तिकीट लावायच्या आधी ती वाचणारच.

गेल्या जूनमध्ये आम्ही तुझ्याकडे लंडनला आलो तेव्हा तू आम्हाला 'ले मिझेराब्ल' हे संगीत नाटक दाखवलंस. तिकिटं केवढ्याची हे तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. आईने कुठूनतरी आकडा काढला, पौंडांचे रुपये केले आणि दोन दिवस गप्प राहिली. प्रयोग सुटल्यावर शाफ्ट्सबरी अव्हेन्यूवर त्या गर्दीत तू विचारलंस, "बाबा, कसं वाटलं?" मी म्हणालो, "छान आहे, पण सगळं यंत्र आहे. आपलं सौभद्र ते सौभद्र." तुझा चेहरा उतरला. ट्यूबमध्ये तू फोनमध्ये डोकं घातलंस ते घर येईपर्यंत.

मी खोटं बोललो होतो.

दुसऱ्या अंकातली ती रात्र आठव. बॅरिकेडवर, म्हणजे बंडवाल्यांनी रस्त्यात रचलेल्या अडसरावर, पोरं बंदुका उशाशी घेऊन झोपलेली, सकाळी बहुतेक सगळी मरणार आहेत, आणि तो म्हातारा ज्याँ वालज्याँ देवाला विनवतो: या पोराला घरी ने, न्यायचंच असेल तर मला ने. ते पोर त्याचं नव्हेच, त्याच्या मानलेल्या मुलीचा प्रियकर. गाणाऱ्याने पहिल्याच ओळीत सूर अलगद वर नेला. जोर नाही, हलका चोरटा आवाज, पण सुरावर केसभर धूळ नाही. आणि माझ्या तोंडून मोठ्यांदा "वा!" गेली. सबंध नाट्यगृहात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता, त्यात ही सांगलीची 'वा'. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं. तू माझ्या मनगटावर हात ठेवलास. दाबला नाहीस, नुसता ठेवलास. तरी मला कान धरल्यासारखं झालं. पुढचा अर्धा तास मी तोंड मिटून बसलो, आणि बाहेर आल्यावर त्या लाजेवर पांघरूण घालायला सौभद्राला मध्ये ओढलं.

माझी काय चूक, सांग? तीस-बत्तीस वर्षं हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना तबल्याची साथ केली. आपल्याकडे गाणाऱ्याने जागा घेतली आणि समोरून 'वा' आली नाही, तर तो घाबरतो. पद संपलं की 'वन्समोर', की पुन्हा तेच पद, मग पुन्हा. तोवर सुभद्रा विंगेपाशी ताटकळत उभी आणि कथा जागच्या जागी. 'वन्समोर' हा शब्द इंग्रजांचा, पण त्यांच्या नाटकात तो मला कुठे ऐकू आला नाही. त्यांनी आपल्याला दिला आणि स्वतः टाकून दिला की आपणच तो घडवला, देव जाणे. तिथे वन्समोर नाही. टाळ्या वाजतात, भरपूर वाजतात, आणि त्या विरायच्या आत पुढचा प्रवेश सुरू.

आता कबुली. त्याच आठवड्यात एक दिवस तू ऑफिसला गेलीस, आईचे गुडघे धरले होते म्हणून ती घरी थांबली, आणि मी "ब्रिटिश म्युझियम बघून येतो" म्हणून निघालो. मी म्युझियममध्ये गेलो नाही. मी पुन्हा त्याच नाट्यगृहावर गेलो. त्या दिवशी दुपारचा प्रयोग होता. खिडकीवरच्या मुलीला म्हटलं, एकच हवंय, सगळ्यात स्वस्त. एकट्या माणसाला कडेची एखादी खुर्ची बहुतेक वेळा मिळते, हे तिने सांगितलं म्हणून कळलं. खाली स्टॉल्समध्ये, अगदी भिंतीलगत, रंगमंचाचा डावा कोपरा दिसत नव्हता. पण आदल्या वेळी तू बसवलं होतंस अगदी वरच्या सज्जात, माणसं मुंगीएवढी. इथे त्यांचा घाम दिसत होता.

वेळ होता म्हणून पैसे मोजून कार्यक्रमपुस्तिका घेतली आणि पायरीवर बसून वाचली. तेव्हा कळलं की पहिल्या दिवशी मी सबंध नाटक चुकीच्या क्रांतीत बसवून पाहिलं होतं. मला वाटत होतं हे 1789 चं, राजाचं डोकं उडवलं ते. हे 1832 च्या जूनमधलं पॅरिसचं बंड, दोन दिवसांत चिरडलेलं. ह्यूगोने 1862 च्या कादंबरीत ते घातलं नसतं तर जगाने कधीच विसरलं असतं. नाटक आधी फ्रेंचमध्ये, 1980 साली पॅरिसला. लंडनला 1985 च्या ऑक्टोबरात बार्बिकनमध्ये आलं. तेव्हाच्या परीक्षकांनी त्याला चांगलंच झोडपलं, आणि तिकीटखिडकीवर मात्र रांग. तेव्हापासून चालूच आहे. वेस्ट एंडमध्ये, म्हणजे लंडनच्या नाट्यगृहांच्या भागात, इतकी वर्षं दुसरं कुठलंच संगीत नाटक चाललेलं नाही. आताच्या या नाट्यगृहाची इमारत 1907 ची. 1940 च्या बाँबफेकीत तिचा पुढचा भाग उडाला आणि पडदा पुन्हा उघडायला 1959 उजाडलं. मराठी नाटकाचे जनक विष्णुदास भावे यांच्या गावचा माणूस मी, नाट्यगृहाचा इतिहास समोर आला की भूक लागत नाही. आईने दिलेली गूळपोळी तशीच पिशवीत राहिली.

आत शिरताना दारात एक चिठ्ठी लावलेली दिसली: आजच्या प्रयोगात वालज्याँची भूमिका बदली कलाकार करणार. माझा चेहरा पडला. आपल्याकडे मुख्य नट आला नाही तर प्रेक्षक पैसे परत मागतात. तिथे कुणी हूं की चूं केलं नाही. आठवड्याला आठ प्रयोग करायचे म्हटल्यावर एका गळ्यावर सगळा संसार टाकून कसं चालेल? म्हणून एकेका भूमिकेमागे दोन-दोन माणसं तयार ठेवलेली असतात.

आणि तीच रात्र, तीच बॅरिकेड. गाणं तेच, लय तीच, दिवा त्याच क्षणी मंद झाला. मी ज्याला यंत्र म्हणालो ते हेच. पण या माणसाने श्वास दुसरीकडे घेतला. पहिल्या दिवशीचा गाणारा सूर वर नेऊन थांबवत होता. हा नेता नेताच जरासा सोडून देत होता, हातातून काहीतरी निसटावं तसा. शेवटचा लांब सूर विरल्यावर टाळी यायला एक क्षण लागला. तेवढ्या क्षणात मला रडू आलं, ते तुला सांगायचं नव्हतं. या वेळी 'वा' गिळली. तू शेजारी नव्हतीस, तरी मनगटावर तुझा हात होताच.

मध्यंतरात आणखी एक गोष्ट पाहिली. लोक कपातलं आइस्क्रीम खात होते. झाकणाच्या आतच इवलासा चमचा असतो, आणि एवढ्या थोर नाटकाच्या मध्यंतरात बटाटावडा नाही हे मला अजून पटलेलं नाही. मी उठून मागे वळलो तर वरच्या सज्जाच्या कठड्यावर, प्रेक्षकांकडे पाठ करून, छोटे टीव्ही लावलेले. त्यांत फक्त कंडक्टर. तो खाली खड्ड्यात वादकांसमोर उभा, आणि नट समोर प्रेक्षकांकडे बघतोय असं आपल्याला वाटतं, पण त्याला डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्या पडद्यावर कंडक्टरचा हात दिसत असतो. मी तिथेच उभा राहिलो. उभ्या जन्मात मी गाणाऱ्याच्या ओठांकडे बघत ठेका धरला. त्याने आलाप लांबवला तर मी थांबलो, तो समेवर आला तर मी त्याच्याआधी अर्धा श्वास तिथे. आमच्यात गाणाऱ्याकडे सगळे बघतात. तिथे गाणाराच दुसऱ्याकडे बघतो. म्हणून कथा सुटत नाही, आणि म्हणूनच वन्समोर देता येत नाही. दिलाच तर खालचे वादक, वरचे दिवे, आतून सरकणारी बॅरिकेड, सगळंच उलटं फिरवावं लागेल.

गाणाऱ्यांच्या केसांच्या रेषेत मण्याएवढा माईक असतो, तोही राधानगरीला पक्षी बघायला घेतलेल्या दुर्बिणीतून दिसला. त्याबद्दल मात्र माझी तक्रार कायम आहे. 1921 साली बालगंधर्व आणि केशवराव भोसल्यांनी 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग केला, तो नुसत्या गळ्यावर. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तेव्हा मागच्यांना ऐकू येत होतं का, हे कुणी मागच्यांना विचारलंय?"

अण्णासाहेब किर्लोस्करांनी एक पारशी मंडळीचं नाटक पाहिलं आणि म्हणाले, आपल्याकडे असं का नसावं. त्यातून 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात शाकुंतल उभं राहिलं, दोनशेच्या आसपास पदांचं. म्हणजे आपलं संगीत नाटकही परक्याचं नाटक पाहूनच जन्मलं. मला ते माहीत होतं, पाठ होतं, भाषणातही सांगितलं होतं, आणि तरी शाफ्ट्सबरी अव्हेन्यूवर तुला ते वाक्य फेकून मारलं.

तर न्यूयॉर्क. एक दुपार नाटकाला दे. दुपार अशासाठी की रात्री आठचा प्रयोग म्हणजे तुझ्या अंगातल्या लंडनच्या घड्याळात रात्रीचा एक. आई 'ले मिझेराब्ल'ला पहिल्या अंकात झोपली ती उगाच नव्हे. साडेसात म्हणजे तिच्यासाठी आपल्याकडचे मध्यरात्रीचे बारा. रात्रभर चालणारी नाटकं पाहायला गाडीतून येणाऱ्यांची ही नात, तिलाही विमानाने हरवलं. ब्रॉडवेवर बऱ्याच नाटकांचे बुधवारी दुपारी प्रयोग असतात. कामातून तेवढे चार तास सुटतात का बघ.

टाइम्स स्क्वेअरला लाल पायऱ्यांखाली टीकेटीएसची खिडकी आहे, त्याच दिवसाची उरलेली तिकिटं कमी पैशांत देते. तुझ्या लेस्टर स्क्वेअरला त्याच नावाची आहे, तशीच. रस्त्यात कुणी हातात तिकिटं घेऊन गाठलं तर घेऊ नकोस, मग तो कितीही सभ्य दिसो. कार्यक्रमपुस्तिका तिथे फुकट देतात, ती जपून ठेव आणि मला पाठव.

काय बघायचं? 'हॅमिल्टन' बघ. 2015 पासून रिचर्ड रॉजर्स थिएटरात आहे आणि स्वस्त तिकिटांची सोडत काढतात, नाव टाकून ठेव. अमेरिकेचे ते जुने गोरे पुढारी काळ्या-सावळ्या नटांनी उभे केलेत, आणि बोलणं बरंचसं रॅपमध्ये. मला त्यातलं निम्मं कळणार नाही, तुला कळेल. सोडत लागली नाही तर 'शिकागो'. ते 1996 पासून चालू आहे, आणि त्याचा वाद्यवृंद खड्ड्यात नाही, रंगमंचावर बसतो, आपल्या पेटी-तबल्यासारखा सगळ्यांना दिसतो. मला विचारशील तर मी तेच बघेन. पण मी तबलजी, माझं मत घेऊ नकोस.

जायच्या आधी कथा वाच, पण गाणी ऐकू नकोस. कथा माहीत नसली की माझ्यासारखं क्रांती चुकते. गाणी माहीत असली की तू मनातल्या मनात आधीच गाऊन मोकळी होशील. तिसऱ्या घंटेच्या भरवशावर बसू नकोस, उशीर झाला तर लगेच आत सोडतीलच असं नाही. पहिल्या ओळीतच कुणी तरी दचकवणारं गाईल आणि तू बाहेर दाराशी उभी असशील.

त्या रात्री जेवताना मी तुला ब्रिटिश म्युझियमचा जो वृत्तांत सांगितला, तो सगळा आईच्या सहलीच्या पुस्तकातून दुपारी बसमध्ये पाठ केला होता. रोझेटा शिळेपर्यंत ठीक चाललं होतं. मग तू विचारलंस, "ममी कुठल्या मजल्यावर होत्या?" आणि मला खोकला आला. आईने पाणी दिलं आणि विषय बदलला, तेव्हाच मला कळलं की तिला कळलंय.

ममी अजून बघायच्या आहेत. पुढच्या खेपेला दाखव.

तुझा,
बाबा