मूठ म्हणजे भीती

सिस्टर,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत नाही. गळ्यातला बिल्ला कायम उलटा फिरलेला असायचा, आणि विचारू विचारू म्हणेपर्यंत डिस्चार्ज झाला. म्हणून हे पत्र असं उघड्यावर. वाचलंत तर ओळख पटेल: आयसीयूतला सात नंबर, सांगलीकडचा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, तुम्हाला रात्री दोन वाजता 'गाडी मागं घ्या' म्हणणारा.

बायपासच्या आदल्या संध्याकाळी माझ्याभोवती आठ-दहा माणसं होती आणि सगळी एकच पालुपद लावून होती, काही होत नाही, घाबरू नका. मेहुणे म्हणाले, आजकाल बायपास म्हणजे दाढ काढण्यासारखं. (त्यांची दाढ काढताना दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं, ते असो.) डॉक्टर फाइल चाळून गेले. संमतीचा कागद घेऊन आलेला पोरगा 'मृत्यू' या शब्दाखाली पेनाचं टोक टेकवून म्हणाला, 'इथं सही.' माझ्या डोक्यात काय घोळतंय ते कुणी विचारलं नाही. उभा जन्म इंजिनं खोलण्यात गेला माझा. बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू होईलच, अशी हमी कुठलाही मेकॅनिक देत नाही. आणि ही मंडळी माझं हृदय बंद करणार होती.

तुमची ड्यूटी आयसीयूत. तरी वॉर्डात आलात, स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, 'काका, नेमकी कशाची भीती वाटते?' मी विचारलं, 'बंद केल्यावर स्टार्टर कोण मारणार?' तुम्ही हसला नाहीत. पोटॅशियम घातलेलं गार औषध सोडून हृदय थांबवतात, तोवर रक्त फिरवायचं काम मशीन करतं, पायातली शीर काढून जोडून झाली की कोमट रक्त परत सोडतात, आणि बहुतेक वेळा ते आपलं आपण चालू होतं, असं सगळं सांगितलंत. 'आणि नाहीच झालं तर?' 'तर छोटासा शॉक.' 'म्हणजे धक्का स्टार्ट,' मी म्हटलं. तेव्हा मात्र तुम्ही खळखळून हसलात.

पुढचं सांगितलंत ते त्याहून मोलाचं. जाग येईल तेव्हा घशात नळी असेल, ती आवाजाच्या पडद्यांमधून जाते म्हणून शब्द फुटणार नाही, आवाज गेला असं समजू नका. झोपेत नळी ओढू नये म्हणून हात पट्टीने सैलसर बांधलेले असतील. एक बोट म्हणजे दुखतंय. दोन म्हणजे घशातली थुंकी काढा. आणि मूठ म्हणजे भीती वाटतेय. तुम्ही माझ्याकडून तीनदा घोकून घेतलंत. बायकोलाही बाजूला घेऊन सांगितलंत, चेहरा सुजलेला, फिकट दिसेल, हात गार लागेल, दचकू नका. ती म्हणते, त्यामुळंच मी उभी राहू शकले.

शुद्ध आली ती एका टूं-टूं आवाजात. बोलायला गेलो, आवाज नाही. हात हलवला, बांधलेला. आणि सिस्टर, खरं सांगतो, पहिला विचार आला तो, 'हां, हे तर सांगितलं होतं.' शेजारच्या बेडवर कुणीतरी हातापायांची झटापट करत होतं. त्यांना हे कुणी सांगितलं होतं की नाही, देव जाणे.

मूठ मी वळली ती पहाटेकडे. कारण काही नव्हतं, असंच पोटात खड्डा पडला. तुम्ही आलात आणि मुठीवरच हात ठेवून उभ्या राहिलात. बोललात फक्त 'आहे मी'. वरचा मॉनिटर मला दिसत होता, ठोक्यांचा आकडा १२० वरून हळूहळू खाली आला. माझ्या डॅशबोर्डचे काटे मला वाचता येतात.

दुसऱ्या रात्री माझं डोकं फिरलं. आयसीयूचा डेपो झाला होता, कुणीतरी पिटवर गाडी आडवी लावलीय असं दिसत होतं. तुम्ही चेष्टा केली नाहीत की दरडावलं नाहीत. म्हणालात, 'काका, हे हॉस्पिटल आहे, तुमचं ऑपरेशन झालंय, आता रात्रीचे दोन वाजलेत. गाड्या सकाळी.' अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा तेच, पुन्हा त्याच सुरात. मोठ्या ऑपरेशननंतर असं होतं आणि सहसा काही दिवसांत ओसरतं, हे मुलीला तुम्हीच समजावलंत. नाहीतर तिनं बापाला वेड लागलं म्हणून हाय खाल्ली असती.

खोकायची मला धास्ती, छाती उकलेल म्हणून. 'स्टीलच्या तारांनी हाड बांधलंय, उशी छातीशी घट्ट धरा आणि खोका.' किती गेजची तार, हे मात्र तुम्हाला सांगता आलं नाही. तेवढा एक प्रश्न बाकी आहे.

भाची नर्सिंगला आहे. तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, मामा, यावर १९६४ सालीच बोस्टनमध्ये अभ्यास झालाय. पोटाच्या ऑपरेशनआधी एका भूलतज्ज्ञाने काही पेशंटना किती दुखेल, का दुखेल, तेव्हा काय करायचं हे नीट सांगून ठेवलं, तर त्यांना नंतर दुखण्याची औषधं जवळपास निम्मीच लागली. मला काही नवल वाटलं नाही. दोन-दोन पेशंट सांभाळून, कधी डबल ड्यूटी करून तुम्ही हे स्टुलावर बसायला वेळ कुठून काढता, त्याचं नवल वाटतं.

पुढच्या महिन्यात तपासणीला येतोय. भडंग आणणार आहे, तिखट सोसतं का तेवढं बघा. आणि त्या दिवशी बिल्ला सुलटा लावा.

आपला,
बेड नंबर ७