चिंच झोडणाऱ्याच्या कमरेला काय बांधलं होतं, ते पण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी चिंचेचा सीझन लागला की तुमच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळीची एक बातमी येते, झाडावरून पडून मजुराचा मृत्यू. गावाचं नाव, वय, आकस्मिक मृत्यूची नोंद, खतम. आम्ही झाडावर चढणारे लोक ती बातमी वाचून एकमेकाला विचारतो की झाड कोणतं होतं, दोर होता का, कशाचा होता, कुठं बांधला होता, आणि यातलं एकही बातमीत नसते. म्हणून हे पत्र लिहून राहिलो.

मी सिंदेवाही तालुक्यातला. फेब्रुवारी-मार्चला चिंच झोडायची, एप्रिल-मे ला गावरान आंबे उतरवायचे, मग जांभळं, आणि पावसाळ्याच्या आधी घरावर आलेल्या फांद्या छाटायच्या, यावरच आमचं घर चालते. हे काम मी माझ्या मोठेबाबांकडून, म्हणजे मोठ्या काकांकडून शिकलो आणि २०१८ ला तेच माझ्यासमोर पडले. त्यांच्या कमरेला दोर होता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. आठवडी बाजारातला निळा प्लॅस्टिकचा दोर, बैलाला कासरा म्हणून आणलेला, दोन वर्ष गोठ्याच्या बाहेर उन्हात टांगून होता. एक टोक कमरेला आणि दुसरं टोक ज्या फांदीवर उभे होते तिलाच, म्हणजे पायाखाली. पाय सटकला तेव्हा आधी दोराच्या लांबीइतके खाली आले, मग कमरेला असा झटका बसला की गाठीजवळ दोर तुटला आणि खाली धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पडले. दोराचं तुटलेलं टोक मी हातात घेऊन पाहिलं होतं, नखानं खरडलं तर पांढरा भुसा निघत होता.

तो दोर पॉलीप्रॉपिलीनचा असते. वजनाला हलका, पाण्यावर तरंगते, स्वस्त, म्हणून गावात सगळ्यांकडे तोच. पण उन्हानं तो आतून कुजते आणि चिकना असल्यामुळं गाठ सरकते. झाडावर चढायला नायलॉनचा आतून गाभा आणि वरून विणलेली खोळ असलेला दोर लागते, साधारण ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा. तोही ट्रॅक्टरच्या बॅटरीजवळ ठेवायचा नाही, बॅटरीतलं अ‍ॅसिड नायलॉनला खाते आणि वरून काही दिसत नाही. फवारणीच्या औषधाजवळ पण नाही. माझा दोर मी पोत्यात घालून घरात आढ्याला टांगतो आणि चढायच्या आधी पूर्ण दोर बोटातून काढतो, कुठं मऊ लागला, कडक लागला, खोळ उसवली दिसली की तेवढा तुकडा कापून बैलबंडीला वापरतो, झाडाला नाही.

आणि दोर बांधायचा तो डोक्याच्या वर, मनगटापेक्षा जाड जित्या फांदीला, बुडाजवळ, आणि ढील ठेवायची नाही. दोर कितीही चांगला असला आणि त्यात चार-पाच फूट ढील असली तर पडण्याचा झटका सगळा अंगावर येते.

आता बेल्टचं. गावात कोणी लई केलं तर टॉवरवर काम करणाऱ्या पोराकडून बेल्ट मागून आणते. नुसता कमरेचा बेल्ट असेल तर तो नकोच, पडल्यावर बरगड्या आणि पोट त्यातच दाबले जाते. पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे खांद्यापासून मांड्यांपर्यंत बांधायचे पट्टे, असते त्याचा हुक पाठीवर असते, तो पडताना वाचवायला आहे, त्यात बसून काम करता येत नाही. माणूस लटकला की तोंड एकीकडे आणि झाड एकीकडे, हात खोडाला पुरत नाही. झाडाच्या कामाला मांड्यांना आणि कमरेला पट्टे असलेला, समोर आणि दोन्ही बाजूला कडी असलेला, बसायचा हार्नेस पाहिजे. पूर्ण अंगाचा हार्नेस घेतला तर त्याच्यावर आय.एस. ३५२१ हा भारतीय मानकाचा मार्क पाहायचा, हेल्मेट असेल तर आय.एस. २९२५, आणि हेल्मेटला हनुवटीचा पट्टा असलाच पाहिजे, नाहीतर माणसाच्या आधी हेल्मेटच खाली येते.

एक गोष्ट आमच्या पोट्ट्यांना कोणी सांगत नाही. हार्नेसमध्ये माणूस बेशुद्ध होऊन तसाच लटकत राहिला तर पायात रक्त साचून तो थोड्याच वेळात दगावू शकते. म्हणून खाली एक माणूस असा पाहिजे की ज्याला वर चढता येते आणि दुसऱ्याला दोरावर खाली सोडता येते. एकट्यानं झाडावर जायचं नाही, शेतमालक कितीही घाई करो.

छाटणीचं काम असेल तर दोन ठिकाणी बांधून घ्यायचं, कारण कुऱ्हाड किंवा मशीन चालवताना एक दोर आपल्याच हातानं कापला जाऊ शकते. कोयता कमरेला खोसून चढायचं नाही, वर बसल्यावर दोरानं वर ओढून घ्यायचा. आणि जवळून ११ केव्हीची (जास्त दाबाची) विजेची लाईन गेली असेल तर ओली फांदी पण करंट घेते, लाकूड आहे म्हणून भ्रमात राहू नका, वीज कंपनीच्या १९१२ नंबरवर फोन करून लाईन बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही.

झाडाचा स्वभाव तर प्रत्येकाला माहीत पाहिजे. चिंच चिवट, वाकेल पण पटकन तुटणार नाही, तरी वाळलेली फांदी चिंचेची असली तरी वाळलेलीच. जांभूळ दगाबाज, हिरवीगार जाड फांदी कट्कन जाते आणि ते फळ येते जूनमध्ये, पहिल्या पावसात, साल ओली असताना. शेवग्यावर तर चढायचंच नाही, खालून आकडी लावा.

कपड्याचं म्हणाल तर लुंगी नको, ढगळ पँट नको, पूर्ण बाहीचा फिका सुती शर्ट आत खोसून. गडद रंगावर आग्या मोहोळाच्या माशा जास्त चवताळतात. आमच्यातले बहुतेक अनवाणी चढतात, मी पण कित्येक वर्ष चढलो, सालीवर पकड चांगली येते हे खरं आहे, पण हार्नेसवर बसून दिवसभर काम करायचं तर पातळ रबरी तळाचा कॅनव्हासचा बूट बरा. चामड्याचे हातमोजे सटकतात, हार्डवेअरच्या दुकानात तळहाताला रबर लावलेले विणलेले मिळतात, ते घ्या.

तुम्ही म्हणाल एवढं सामान गरिबाला परवडते का. एकेकट्याला नाही परवडत, पण झाड ठोक घेणाऱ्या व्यापाऱ्याला परवडते, ग्रामपंचायतीला परवडते. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास लोक गेले तेव्हा कुठं हातमोजे, मास्क, चष्मा याच्या गोष्टी गावोगावी सुरू झाल्या. त्याच्या आधी तेही नशीबच म्हणत होते. वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं तर आग्या मोहोळाचा मध काढणाऱ्यांना अंगभर पोशाख घालून, माशा न जाळता, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायला शिकवलं. जिथं जळता टेंभा घेऊन उघड्या अंगानं झाडावर जात होते तिथं हे होऊ शकते, तर चिंचेला काहून नाही? माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन हार्नेस, दोन दोर, दोन हेल्मेट ठेवावे, रजिस्टरवर सही करून न्यावे आणि आणून द्यावे, आणि झाड ठोक घेताना चढणाऱ्याचं सामान कोणाचं हे आधी बोलून घ्यावं.

आता मोठेबाबांचं राहिलेलं सांगतो. पडल्यावर ते बोलत होते, पाय हलवत होते. दोन पोट्ट्यांनी त्यांना उचललं आणि मोटारसायकलवर मधात बसवून बारा किलोमीटर दवाखान्यात नेलं. चांगल्या मनानंच नेलं. उतरवलं तेव्हा पाय हलत नव्हते, आजही हलत नाहीत. पडलेल्या माणसाला बसवायचं नसते हे मला त्या दिवशी समजलं. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून तिथंच राहू द्या, १०८ ला फोन करा, आणि न्यावंच लागलं तर दाराची फळी किंवा खाट घेऊन चार जणांनी मिळून उचला.

दवाखान्यात घाईत केसपेपरवर नुसतं 'पडून कंबरेला मार' एवढंच लिहिलं. त्यांच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे १२ रुपये कटत होते, आता ते २० झाले, आणि त्यात झाडावरून पडणं बसते. दोन्ही पाय कायमचे गेले तर दोन लाख. फक्त पडल्याचं कारण दवाखान्याच्या तेव्हाच्या कागदावर पाहिजे. आमच्या कागदावर झाडाचं नाव नव्हतं, मामला परत आला. म्हणून सांगतो, केसपेपर बनताना समोर उभं राहून 'चिंचेच्या झाडावरून पडून' हे शब्द लिहून घ्या, आणि मे महिन्याच्या शेवटी खात्यात २० रुपये आहेत का ते पाहून ठेवा, नाहीतर विमा तिथंच बंद पडते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत पण उंचावरून पडण्याला दोन लाख आहेत, पण ते सातबारावाल्याला आणि त्याच्या घरच्या एकाला. झाडावर चढणारा बहुतेक भूमिहीनच असते, त्याचं नाव त्यात टाकलं पाहिजे, हे सरकारनं ऐकावं.

साहेब, पुढच्या वेळेस अशी बातमी आली तर तुमच्या वार्ताहराला एवढं विचारायला सांगा की दोर कशाचा होता, कुठं बांधला होता, खाली कोण होतं आणि त्याला दवाखान्यात कसं नेलं. दोन ओळी वाढतील. आमच्या गावात पेपर पानठेल्यावर येते आणि चिंच झोडणारे सगळे पोट्टे तिथंच बसून वाचतात.

आपला,
एक झाडावर चढणारा,
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर