वैभववाडी रेल्वे पाहिजेच, पण गव्यांची वाट आत्ताच नकाशावर दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेची बातमी आली की आमच्या घरात आधी सगळे हसतात. 1891 ला मिरजेकडनं रेल्वे कोल्हापुरात आली आणि तिथंच थांबली, ती पुढं कोकणात कधी उतरलीच नाही. 2016 च्या रेल्वे बजेटमध्ये सुमारे 107 किलोमीटरचा हा मार्ग मंजूर झाला तेव्हा पेढे वाटलेली माणसं आता विषय काढला तरी हात जोडतात. तर आधीच सांगतो, मी रेल्वेच्या विरोधात नाही. गगनबावड्यातनं कोकणात उतरणारा करूळ घाट बंद पडला की काय हाल होतात ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे, त्यामुळं गाडी झालीच पाहिजे.

पण एक गोष्ट कुणी बोलतच नाही म्हणून हे पत्र. आपल्याकडची जंगली जनावरं सह्याद्रीच्या कण्यावरनं उत्तर-दक्षिण फिरतात. खाली राधानगरी-दाजीपूर, वर विशाळगड आणि त्याच्याही वर चांदोली-कोयना, आणि हे सगळं जोडणारा मधला चिंचोळा पट्टा म्हणजे आपला गगनबावडा. रेल्वे जाणार पूर्व-पश्चिम, म्हणजे बरोबर या पट्ट्याला आडवी. राधानगरीत कॅमेऱ्यात सापडलेला वाघ पुढं चांदोलीतही दिसला, अंगावरच्या पट्ट्यांवरनं ओळखला तो, आता तो काय बस पकडून गेला नव्हता. एकीकडं सरकार ताडोबातनं वाघीण आणून चांदोलीत सोडतंय, गगनबावडा आणि विशाळगडला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून सरकारनंच जाहीर केलंय आणि दुसरीकडं त्याच वाटेवर भराव टाकायचा असेल तर निदान दोन खात्यांनी एका टेबलावर बसावं की नाही?

वाघाचं जाऊ दे, तो एखाद-दुसरा. गव्याचं बोलू, कारण गवा आपल्या रोजच्यातला आहे, उसात येतो, कुंभीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला विचारा. गेल्या पावसाळ्याच्या आधी गगनबावड्याकडं जाताना संध्याकाळी बघितलेलं सांगतो. रस्त्याच्या कडेला नवीन काँक्रीटची भिंत घातलेली, चांगली छातीएवढी. गव्याची एक मोठी मादी रस्ता ओलांडून भिंतीपाशी गेली, तोंड वर करून हुंगलं, मग भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागली, मागं तिचं तांबूस पिल्लू आणि अजून दोन-चार माद्या. भिंत काही संपेना. दोन्हीकडं गाड्या थांबलेल्या, कोण हॉर्न मारतंय, कोण खाली उतरून मोबाईल धरतंय, एक बहाद्दर तर सेल्फीसाठी गव्यांकडं पाठ करून उभा. शेवटी पार लांब एका मोरीपाशी भिंत तुटली तिथनं ती खाली उतरली. ही रस्त्याची गोष्ट झाली, गाड्या ब्रेक मारू शकतात. रेल्वेच्या खोल कटिंगमध्ये दोन्हीकडं उभा दगड आणि समोरनं इंजिन आलं तर त्या पिल्लानं जायचं कुठं?

हे मी घाबरवायला लिहीत नाही. चंद्रपूरजवळ नोव्हेंबर 2018 मध्ये रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे एकदम गेले होते, पेपरात फोटो होते.

यात गंमत अशी की बोगदा जनावराला सगळ्यात चांगला. गाडी पोटातनं जाते, वर जंगल जसंच्या तसं. म्हणजे घाटातल्या बोगद्यांची मला तेवढी काळजी नाही, काळजी आहे बोगद्याच्या तोंडाची आणि अलीकडच्या भराव-कटिंगची. तिथं ओढ्यावर साधी पाइपची मोरी टाकायची का उंच, रुंद पूल करून खालनं वाट मोकळी ठेवायची हे ड्रॉइंगवरच ठरतं, नंतर रूळ पडल्यावर कोण भराव फोडणार? पेंचच्या जंगलात नागपूर-जबलपूर हायवेखाली जनावरांसाठी नऊ मार्ग केले, त्यातला एक तर 750 मीटरचा, आणि तिथल्या कॅमेऱ्यात वाघ सुद्धा आरामात चालत जाताना आलेत. म्हणजे आपल्या देशात हे जमतं.

आणि नुसतं गाडी सुरू झाल्यावरचं नाही, काम चालू असतानाचं पण बघा. सुरुंग रात्री उडवायचे नाहीत. बोगद्यातला मुरूम-डबर ओढ्यात ढकलायचं नाही, गगनबावड्याचा पाऊस ते सगळं खाली आणतो आणि ओढ्यातले बेडूक, मासे आधी मरतात. मजुरांना गॅस द्या, नाहीतर जळणाला जंगलच तुटणार आणि फासे लागले की खवले मांजर, पिसोरी (सशाएवढं, हरणासारखं दिसणारं जनावर) कधी गेली ते कळणारही नाही.

आता कुणीतरी म्हणेल की हे सगळं मागितलं की रेल्वे अजून दहा वर्षं लांबणार. उलट आहे साहेब. गोव्याच्या घाटातल्या कॅसलरॉक-कुळे रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी मे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केली, नीट अभ्यास नाही म्हणून. तीच पाळी आपल्यावर यायला नको. परत 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत, म्हणजे ज्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी लागते त्यांच्या यादीत, रेल्वेमार्ग नाहीत, त्यामुळं त्यातली जनसुनावणी आपल्याला मिळणारच नाही, जे विचारायचं ते आपणच विचारायला पाहिजे.

तुमच्या वार्ताहरांना एवढंच सांगा की पुढच्या वेळी खासदार, आमदार, रेल्वेचे अधिकारी पत्रकार परिषद घेतील तेव्हा खर्च किती आणि कधी सुरू याच्या जोडीला मार्गाचा नकाशा मागा, मराठीत, गावाच्या नावांसकट, आणि त्यावर जनावरांचे मार्ग कुठं दाखवलेत ते विचारा. दाखवलेले नसतील तर वाड्या-वस्त्यांवरच्या धनगरांना बरोबर घेऊन एकदा चालून या, गवे कुठनं उतरतात ते तिथल्या पोराटोरांना पण माहीत असतं. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावला तर आम्ही पण येऊन बघू.

आपला,
एक नियमित वाचक,
कोल्हापूर